रांगेत नसलेल्यांचाही नंबर

कचेरीत टेबलामागे बसणाऱ्या माणसाला रांगेची जेवढी ओळख असते, तेवढी क्वचितच दुसऱ्या कुणाला असेल. दाखल्याची रांग, रेशनची रांग, बँकेतली रांग, पीकविम्याची रांग. रांग दिसायला सरळ असते, पण तिच्यात पुढे कोण सरकते हे आम्ही वीस वर्षे पाहत आलो आहोत. ज्याची आत ओळख आहे तो सरकतो. ज्याला दिवसभर उभे राहायला सवड आहे तो सरकतो. ज्याला रोजगार बुडवून यावे लागते तो मागे राहतो, आणि लेकरू शेजारणीकडे ठेवून आलेली बाई निम्म्या रांगेतून घरी परत जाते. नियम सर्वांना एकच असतो, तरी हे घडते.

हे सांगण्याचे निमित्त मात्र कचेरीचे नाही, संगणकाचे आहे. वाचक म्हणतील, या दोहोंचा संबंध काय? तोच आज सांगावयाचा आहे.

धाराशिव जिल्ह्यातील (२०२३ पर्यंतचा उस्मानाबाद जिल्हा) एका तालुक्याच्या गावी आम्ही काही नोकरदार मंडळी मिळून मुलामुलींसाठी अभ्यासिका चालवतो. आमच्यात कारकून आहेत, शिक्षक आहेत, एक एस.टी.चे वाहक आहेत, एक परिचारिका ताई आहेत. दोन खोल्या, पुस्तकांची चार कपाटे आणि सात संगणक एवढा आमचा संसार. सातपैकी पाच यंत्रे ठिकठिकाणच्या कार्यालयांनी निर्लेखित केलेली, म्हणजे कागदोपत्री मोडीत काढलेली. ती आम्ही लिलावात घेतली, धूळ झाडली, मेमरी वाढवली आणि चालती केली. सहावे यंत्र एका वर्गणीदाराने दिले. त्यात चार जीबीचे एक लहान ग्राफिक्स कार्ड होते. सातव्यासाठी वर्षभर वर्गणी गोळा केली आणि त्यात आरटीएक्स ३०६० हे बारा जीबी मेमरीचे कार्ड बसवले. ते वापरलेले कार्ड अठरा हजार रुपयांना मिळाले.

ग्राफिक्स कार्ड, ज्याला मुले जीपीयू म्हणतात, ते काय असते हे आम्हाला असे समजले. संगणकाचा मुख्य प्रोसेसर म्हणजे एक मुरलेला हिशेबनीस. कोणतेही अवघड काम द्या, तो एकेक करून पार पाडतो. जीपीयू म्हणजे पाढे पाठ असलेल्या मुलांनी भरलेले मोठे मैदान. एकेका मुलाची अक्कल बेताची, पण सगळी मुले एकाच दमात गुणाकार करतात. आमच्या कार्डावर अशी ३५८४ ‘मुले’ आहेत. ही कार्डे मुळात संगणकावरील खेळांची चित्रे रंगवण्यासाठी निघाली. २००७च्या सुमारास एनव्हिडिया कंपनीने कुडा नावाची प्रणाली खुली केली आणि याच कार्डांवर इतर गणितेही करता येऊ लागली. आज कृत्रिम बुद्धिमत्तेचा जो बोलबाला आहे, तो याच गुणाकारांवर उभा आहे.

तर अशा एका कार्डावर आमच्याकडे दोन कामे येऊन उभी राहिली.

पहिले काम बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका मुलीचे. आपल्या भागात खरिपाला सोयाबीन सर्वत्र असते आणि पांढऱ्या माशीमुळे पसरणारा पिवळा मोझॅक हा रोग पीक घालवतो. या मुलीने शिवारे हिंडून मोबाईलवर पानांची सहा हजारांवर छायाचित्रे काढली होती. फोटो पाहून रोग ओळखेल असे संगणकाला शिकवायचे हा तिचा प्रकल्प. ती शिकते त्या महाविद्यालयात प्रयोगशाळा आहे, चांगली यंत्रेही आहेत. पण ‘बिघडतील’ म्हणून ती कापड पांघरून कुलपात असतात, तपासणीच्या दिवशी उघडतात.

दुसरे काम एका एम.ए.च्या मुलाचे. लोहारा-उमरगा भागातल्या वृद्धांकडून त्याने १९७२चा दुष्काळ आणि ३० सप्टेंबर १९९३चा भूकंप यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित केल्या आहेत, जवळजवळ एकशे चाळीस तास. त्यांची लेखी प्रत करायची आहे. ओपनएआय या संस्थेने २०२२ मध्ये व्हिस्पर नावाचे, बोलणे ऐकून लिहून काढणारे मॉडेल सर्वांना फुकट खुले केले. त्याला मराठी येते. आपली मराठवाडी बोली ते नीट पकडत नाही, ‘करायलाव’ला भलतेच काही लिहिते, त्यामुळे माणसाने बसून दुरुस्ती करावीच लागते. तरी निम्मे श्रम वाचतात. मात्र या मॉडेलचा मोठा प्रकार चालवायला कार्डाची सुमारे दहा जीबी मेमरी लागते.

आता हिशेब पाहा. कार्ड बारा जीबीचे. आवाजाचे काम दहा घेणार. उरले दोन. पानांच्या कामाला चार हवेत. दोन्ही एकदम सुरू केली तर मागून आलेले काम ‘मेमरी संपली’ म्हणून जागीच बंद पडते. दोन्ही मावतील एवढी लहान असती तरी कार्ड थोडा वेळ याला, थोडा वेळ त्याला असे करत राहते आणि दोघांचीही गती मंदावते.

कुणालाही सुचेल तो उपाय आम्हालाही सुचला. एका यंत्रात बारा जीबीचे कार्ड आहे, दुसऱ्यात चार जीबीचे, मध्ये वायर टाकून सोळा जीबीचे एकच मोठे कार्ड का करू नये? पुण्यात संगणकाच्या कंपनीत असलेल्या, आमच्याच अभ्यासिकेत शिकून गेलेल्या एका तरुणाने याचे उत्तर आकड्यात दिले. ‘काका, आपल्या कार्डाच्या आत मेमरी आणि प्रोसेसर यांच्यामध्ये सेकंदाला ३६० जीबी माहितीची ये-जा होते. आपली नेटवर्कची चांगली वायर सेकंदाला जेमतेम ०.११ जीबी नेते.’ म्हणजे तीन हजार पटींहून अधिक फरक. हमरस्त्यावरून धावणारी गाडी बैलगाडीच्या वाटेवर आणल्यासारखे होणार. एक मॉडेल तोडून दोन यंत्रांवर चालवता येते, तशी सॉफ्टवेअरे आहेत, पण या वाटेवर अनेक कामांत फायद्यापेक्षा खोळंबा जास्त होतो. मोठ्या केंद्रांत यासाठी खास जोडण्या वापरतात. ए-१०० जातीच्या कार्डांमधली जोडणी सेकंदाला ६०० जीबी नेते. ती आपल्या आवाक्यातली नाही.

यातून एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. लहान ठिकाणी कार्डांची बेरीज करायची नसते, कामांची वाटणी करायची असते. लहान काम लहान कार्डावर, मोठे मोठ्यावर, आणि एकाच कार्डाचे दोन दावेदार असतील तर पाळी.

काम अनेक यंत्रांत वाटून घेण्याची कल्पना आपल्या महाराष्ट्राला नवी नाही. १९८०च्या दशकात भारताला हवामानाच्या कामासाठी अमेरिकेकडून एक क्रे महासंगणक मिळाला, पण इतर संशोधनासाठी हवी असलेली यंत्रे देण्यास नकार आला. तेव्हा १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संस्था उभी राहिली. अकोला जिल्ह्यातून आलेले डॉ. विजय भटकर तिचे प्रमुख होते. एकच अतिवेगवान प्रोसेसर मिळत नाही, तर साधे अनेक प्रोसेसर एकत्र जोडून काम वाटून देऊ, हा त्यांचा मार्ग. १९९१ मध्ये ‘परम ८०००’ तयार झाला. पुढे अमेरिकेतच नासाच्या गोडार्ड केंद्रात १९९४ मध्ये बाजारातले साधे सोळा संगणक जोडून ‘बेओवुल्फ’ नावाचा संच केला गेला आणि मोठ्या यंत्रासाठी पैसा नसलेल्या जगभरच्या संस्थांना वाट सापडली. सी-डॅकचाच ‘परम सिद्धी-एआय’ नोव्हेंबर २०२० मध्ये जगातल्या पाचशे महासंगणकांच्या यादीत त्रेसष्टावा आला. त्यात प्रत्येकी आठ कार्डांची बेचाळीस यंत्रे आहेत, म्हणजे तीनशे छत्तीस कार्डे. एवढे असूनही तेथेही पाळी लागतेच. जेवढी कार्डे तेवढीच कामे कधी नसतात.

आमच्या पाळीची सुरुवात कागदी वहीपासून झाली. दिवसा दोन-दोन तासांच्या पाळ्या, कारण शिकणारी मुले पुष्कळ. रात्री नऊ ते सकाळी सात अशी एक सलग पाळी, मोठ्या कामासाठी. नियम स्वच्छ होता. जो आधी नाव लिहील त्याला रात्र.

पंधरा दिवसांनी आम्ही वही उलटून पाहिली. पंधराही रात्री मुलांच्या नावावर. पानांच्या प्रकल्पाची एक पूर्ण शिकवणी सुमारे नऊ तासांची होती. त्या मुलीला दोन-दोन तासांचे तुकडे मिळत होते. यंत्र तापून कामाला लागते न लागते तोच पुढचा मुलगा उभा. आम्ही तिला विचारले, ‘तू रात्रीला नाव का घालत नाहीस?’ ती एवढेच म्हणाली, ‘काका, रात्री इथं कोण बसू देईल मला?’ नियम सर्वांना सारखा होता, पण रात्र सर्वांना सारखी नव्हती.

त्यातच आणखी एक प्रश्न निघाला. कार्डाच्या अठरा हजारांत पाच हजार एकट्याने देणारे एक गृहस्थ होते. त्यांचे म्हणणे असे की, त्यांच्या मुलाला आठवड्यातल्या तीन रात्री राखून ठेवाव्यात. मागणी अगदीच गैर वाटू नये अशी ती मांडलेली होती. बैठक बसली, दोन तास चालली. आमच्यातले वाहक म्हणाले, ‘एस.टी.त तिकीट काढलेला माणूस बसतो. डेपोला जागा दान देणाऱ्यासाठी आम्ही सीट धरून ठेवत नाही.’ शेवटी ठराव झाला. वर्गणीची नोंद पावतीपुस्तकात राहील, पाळीची नोंद दुसऱ्या वहीत राहील, आणि या दोन वह्या कधीही एकमेकींशी ताडायच्या नाहीत. त्या गृहस्थांनी पुढच्या महिन्यापासून वर्गणी बंद केली, ती अजून बंदच आहे. त्यांचा मुलगा मात्र येतो, आणि त्याला त्याची पाळी इतरांसारखीच मिळते.

रात्रीचा प्रश्न ठरावाने सुटणारा नव्हता. तो पुण्याच्या तरुणाने दिवाळीच्या सुट्टीत सोडवला. त्याने सातही यंत्रांवर उबुंटू ही फुकट प्रणाली घातली, गिगाबिटचा नवा स्विच बसवला आणि स्लर्म नावाचे सॉफ्टवेअर सुरू केले. हे सॉफ्टवेअर अमेरिकेतल्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत सुरू झाले. सी-डॅकच्या परम यंत्रांवर कामांच्या रांगा तेच सांभाळते. तेही फुकट आहे.

आता पद्धत अशी. कोणत्याही यंत्रावर बसून काम लिहायचे, त्याला किती मेमरी आणि किती तास लागतील ते सांगायचे आणि रांगेत टाकून द्यायचे. माणूस तेथे थांबण्याची गरज नाही. पहिले काम संपले की स्लर्म दुसरे आपोआप सुरू करते, मग मध्यरात्र असो की पहाट. सांगितलेल्या तासांपेक्षा जास्त वेळ घेतला तर ते काम थांबवते. आणि आम्हाला सर्वांत भावलेली गोष्ट म्हणजे, कुणी आजवर किती वापर केला याचा हिशेब ठेवून, ज्याने कमी वापरले त्याला पुढे घेण्याची सोय त्यात आहे. कचेरीतल्या कुठल्याही रांगेत आम्ही हे पाहिलेले नाही.

ती मुलगी संध्याकाळी साडेपाचला येते, काम रांगेत टाकते आणि दिवेलागणीच्या आत घरी जाते. रात्री यंत्र तिचे काम करते. सकाळी येऊन ती निकाल पाहते. जी रांगेत उभी राहू शकत नव्हती तिचाही नंबर लागला. तिचे मॉडेल आता पिवळा मोझॅक बऱ्यापैकी ओळखते. लोहाच्या कमतरतेने पिवळे पडलेले पान मात्र अजून रोगट समजते, त्यासाठी आणखी छायाचित्रे जमवणे चालू आहे.

जुळणी करताना दोन बारीक अडचणी आल्या, त्या सांगून ठेवतो, कुणाच्या तरी उपयोगी पडतील. एक, सर्व यंत्रांची घड्याळे जुळलेली हवीत, नाहीतर यंत्रे एकमेकांवर विश्वास ठेवत नाहीत. दोन, प्रत्येक मुलाचा खाते क्रमांक सातही यंत्रांवर एकच हवा, नाहीतर स्वतःची फाईल स्वतःलाच उघडत नाही. आम्हा कारकुनांना या दोन्ही गोष्टी लगेच पटल्या. हजेरीपटावर एकाच माणसाचे दोन क्रमांक असले की पगार अडकतो, तसेच हे.

जीपीयू वाटून घेण्याइतकीच साठवणही वाटून घ्यावी लागते, किंबहुना आधी तीच. पूर्वी प्रत्येक यंत्रात आपापली जुनी डिस्क. पानांची तीच छायाचित्रे तीन यंत्रांवर, तीही निरनिराळ्या दिवसांची. कोणती प्रत अद्ययावत, हे कुणालाच सांगता येत नसे. आता एका यंत्रात चार टीबीच्या दोन डिस्क बसवल्या आहेत आणि बाकी सगळी यंत्रे वायरीवरून तेथेच वाचतात, तेथेच लिहितात. काम या यंत्रावर सुरू करून त्या यंत्रावर पुढे नेता येते. आपल्याकडे वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो, म्हणून शिकवणीची प्रत्येक फेरी संपली की निकाल या सामाईक जागेत जपून ठेवला जातो. वीज आली की तेथून पुढे सुरू, पहिल्यापासून नाही. स्विच बदलण्याचे महत्त्वही येथेच कळले. शंभर जीबी माहिती न्यायला जुन्या शंभर मेगाबिटच्या स्विचवर अडीच तास लागत. नव्यावर पंधरा-सोळा मिनिटे लागतात. तो स्विच दोन हजारांच्या आत मिळतो.

दोन डिस्क यासाठी की, जे एकीवर लिहिले जाते ते त्याच क्षणी दुसरीवरही उमटते. गेल्या पावसाळ्यात त्यांतली एक बंद पडली. दुसरीवर सर्व काही शाबूत होते, नवी डिस्क आणून बसवली आणि एका रात्रीत जोडी पुन्हा पूर्ण झाली. ज्या वृद्धांचे आवाज त्या एकशे चाळीस तासांत आहेत, त्यांतले काही आता हयात नाहीत. ते आवाज दुसऱ्यांदा मिळणार नाहीत. म्हणून केवळ जोडीवर विसंबून चालत नाही. कुणी चुकून फाईल पुसली तर ती दोन्ही डिस्कवरून एकाच वेळी पुसली जाते. आग लागली किंवा पाणी शिरले तरी दोन्ही एकदम जातील. त्यासाठी दर रविवारी तिसरी प्रत एका सुट्या डिस्कवर काढतो आणि ती परिचारिका ताईंच्या घरच्या कपाटात राहते.

आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर, तेव्हा शेवटी थोडा हिशेब मांडल्याशिवाय राहवत नाही. अठरा हजारांचे कार्ड तीन वर्षे टिकेल असे धरले, तर घसारा महिन्याला पाचशे रुपये. महिन्यात वीस तास वापरले तर तासाला पंचवीस रुपये पडतात. अडीचशे तास वापरले तर दोन रुपये. भर कामात आमचे ते यंत्र तासाला सुमारे ०.३ युनिट वीज खाते, तो खर्च वेगळा. घसारा मात्र यंत्र चालले तरी होतो आणि कुलपात राहिले तरी होतो. कापड पांघरलेले यंत्र सुरक्षित असते हा समज खोटा आहे. त्याची किंमत रोज कमी होत असते आणि त्या बदल्यात कुणी काहीही शिकत नसते.

देशपातळीवरही हाच विचार सुरू झाला आहे. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने दहा हजार कोटींहून अधिक रकमेची इंडिया-एआय मोहीम मंजूर केली. तिच्यात २०२५ पर्यंत ३८ हजारांहून अधिक जीपीयू सामाईक वापरासाठी जमा झाले असून, सवलतीचा दर तासाला सुमारे पासष्ट रुपये ठेवला आहे. त्या कार्डांपुढे आमचे कार्ड म्हणजे बच्चा. मोठ्या कामासाठी आमच्या मुलांनी तेथे जरूर अर्ज करावेत. परंतु ज्याने कधी कार्डाला हात लावलेला नाही, त्याला तो अर्ज तरी कसा भरता येणार? किती मेमरी हवी, किती तास हवेत, हे सांगण्याची सवय गावातल्या लहान कार्डावरच होते.

वाचक बंधू-भगिनींनो, तुमच्याही गावी एखाद्या शाळेत, पतसंस्थेत, कार्यालयात जुने संगणक धूळ खात पडले असतील. कार्ड नसले तरी हरकत नाही. एक स्विच, चार वायरी आणि एक सामाईक डिस्क यांपासून सुरुवात करा. कार्ड पुढे येईल. मात्र पहिल्याच दिवशी पाळीची वही घाला, आणि दर पंधरा दिवसांनी ती उलटून पाहा. तिच्यात कोणाची नावे आहेत ते पाहाच, पण कोणाची नावे कधीच दिसत नाहीत ते आधी पाहा, आणि त्यांच्या घरी जाऊन कारण विचारा.

वही कशी आखायची, हे शिकून घ्यायला कुणी आले तर आम्ही आनंदाने दाखवू.